कमरेचं लोखंड

या बाप्पा, सरका जवळ. ओट्यावर ऊन येतंय, सावलीच्या अंगाला बसा. टाळ ठेवा बाजूला, घोटभर पाणी प्या. बुवा यायला अजून अवकाश आहे, तोवर आमच्या करंजखेड्यातल्या दोन माणसांची गोष्ट सांगतो. घडली तशी सांगतो, पदरचं काही घालत नाही.

सुपडू वैशाखातल्या दुपारी यावलच्या एसटीतून फाट्यावर उतरला. हातात कापडी पिशवी. तिच्यात एक लुंगी, एक टॉवेल आणि सुटकेचा कागद. पावणेदोन वर्षांची शिक्षा भोगून आला होता. डांबर पायाखाली मऊ झालं होतं. टपरीवर तिघंचौघं चहा पीत होते. त्यांनी त्याला ओळखलं आणि पुन्हा कपात पाहू लागले. सुपडूही थांबला नाही. पण पुढं आल्यावर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. काय चुकलं ते घरी येईतो उमगलं नाही.

कोकिळानं दारातच पायांवर पाणी घातलं, तांब्या हातात दिला. बाई रडली नाही. चुलीवर तवा होता. तिनं कळण्याची भाकरी टाकली आणि ठेचा वाढला. पहिला घास तोंडात घालताना सुपडूला आठवलं. टपरीवरच्या एकाच्याही कमरेला चाकू नव्हता.

"बठ्ठ्यांचे चाकू कुठी गेले व?"

"अगुदर जेवा," कोकिळा म्हणाली.

आता हे नीट समजून घ्या. आमच्याकडं केळी कापणाऱ्याच्या कमरेला चाकू असायचाच. वीतभर पातं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. सकाळी कमरेला लागला की रात्री झोपतानाच सुटायचा. चहाला गेला तरी चाकू, बाजाराला गेला तरी चाकू, लग्नात जेवायला बसला तरी चाकू. त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. चपलेसारखी गोष्ट होती ती.

सुपडू टोळीतला पहिल्या नंबरचा कापणारा. त्याचा जोडीदार नवल. सुपडू खोडावर चाकू मारून घड खाली वाकवायचा, नवल खांदा लावायचा, सुपडू एका झटक्यात दांडा तोडायचा. पंधरा वर्षांत नवलच्या खांद्यावरून घड निसटला तो एकदाच. त्या दिवशी संध्याकाळी टपरीवर नवल हसत म्हणाला, "भो, तुझा हात म्हातारा झाला. आता वहिनीले सांग, खिचडी भरवत जाय." सगळे हसले. सुपडूही हसला असता, पण दिवसभर ऊन खाल्लेलं होतं आणि हात कमरेवर होता. नवलनं उजवा हात आडवा घातला. वार कोपराखाली बसला. शिरा तुटल्या. जळगावला दोनदा टाके घालून उघडले. हात राहिला, पण बोटं अर्धवट मिटलेलीच राहिली. पेला धरवतो, घड धरवत नाही.

सुपडू तुरुंगात असताना गावात सप्ताह बसला. सहाव्या दिवशी बुवा कीर्तनाला उभे राहिले. समोर पंचवीस-तीस माणसं कमरेला चाकू लावून टाळ वाजवत होती. बुवांनी वीणेकरी थांबवला. म्हणाले, "उद्या काला. गोपाळांनी काल्याला काय केलं? कमरेची शिदोरी सोडली. तुमच्या कमरेला जे बांधलंय, ते सोडून उद्या या. नाही सोडवलं तर या, पण दही मी माझ्या हातानं देणार नाही." एवढंच बोलले आणि अभंग पुढं धरला.

दुसऱ्या दिवशी मारुतीसमोर परात ठेवली होती. बराच वेळ ती रिकामी होती. मग भरली. नाव विचारायचं नाही असं ठरलं होतं. त्यात कामाचे चाकू निघाले, तसे रामपुरीही निघाले, एक गुप्ती निघाली. ती कोणाची, अजून गावाला ठाऊक नाही. यावलहून दोन पोलीस आले, ते लोखंड गोणीत भरून घेऊन गेले. कामाचे चाकू मात्र राहिले. त्यासाठी मारुतीच्या बाजूच्या खोलीत एक लाकडी पेटी आणली. पहाटे चाकू घ्यायचा, काम झालं की परत. गावात कमरेला चाकू दिसला तर त्या माणसाला टोळीत काम नाही. पेटीची किल्ली कोणाकडं द्यायची यावर फार बोलणं झालं नाही. किल्ली नवलकडं गेली.

हे सगळं कोकिळानं जेवण झाल्यावर सांगितलं. सुपडूनं ताटात हात धुतला.

"किल्ली कोणाच्या हाती?" त्यानं पुन्हा विचारलं.

"नवलभाऊच्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मारुतीपाशी गेला. मुकादम तोताराम आबा पारावर तंबाखू मळत होते. वीसेक माणसं रांगेत उभी होती. खोलीच्या दारात नवल बसला होता. पुढं पाट. चाकू हातोहात द्यायची आमच्याकडं रीत नाही, भांडण लागतं म्हणतात. नवल डाव्या हातानं पेटीतून एकेक चाकू काढी, पाटावर ठेवी, माणूस वाकून उचली. पातं कोणत्या बाजूला, हे नवल प्रत्येक वेळी पाहून ठेवत होता.

सुपडूची पाळी आली. पाटावर काही आलं नाही.

"आबा," नवल पाराकडं तोंड करून म्हणाला, "या माणसाचा चाकू अठी नही. कोर्टात जमा हाये."

मागं कोणीतरी नाकातून हसलं. आबांनी तंबाखू तोंडात टाकली. "सुपडू, तू वाहायला लाग. खांदा तर तुझाच हाये ना?"

"हो आबा."

असं सुपडूनं बेचाळिसाव्या वर्षी घड वाहायला घेतले. केळीच्या सुक्या पानांची गादी खांद्यावर ठेवायची, वाकायचं, पंचवीस किलोचा घड अंगावर घ्यायचा, सरीतून पाय चुकवत गाडीपर्यंत जायचं. फळाला फळ घासता कामा नये, नाहीतर पिकल्यावर काळं पडतं. चीक मानेवरून पाठीत उतरायचा आणि सदऱ्यावर वाळून काळे डाग पडायचे. ते डाग कापणाऱ्याच्या सदऱ्यावर बाहीला असतात, वाहणाऱ्याच्या पाठीवर. कोकिळाला धुताना फरक कळत होता.

त्याला कापणारा मिळाला प्रेमराज. नवीन लग्न झालेला, हौशी. खोडावर वार खोल मारायचा, मग घड एकदम कोसळायचा. सुपडू खालून ओरडायचा, "हळू रे! खोड निम्मं ठेव, त्याले वाकू दे."

"भाऊ, तुम्ही खांदा सांभाळा, चाकू मी सांभाळतो," प्रेमराज म्हणायचा. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण सरीतल्या बायाही ऐकत असत, आणि त्यांत कोकिळा असे. ती गाडीपाशी फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवायच्या कामावर होती.

आठ दिवसांत सुपडूच्या खांद्याची कातडी सोलली. नवव्या दिवशी, सोमवारी, एक घड अर्ध्यावर कोसळला आणि त्याच्या मानेवर बसला. तो गुडघ्यावर आला, पण त्यानं घड जमिनीला लागू दिला नाही. कोणी शाबास म्हटलं नाही. वाहणाऱ्यानं तेवढं करायचंच असतं.

संध्याकाळी घरी आला आणि तडक फळीवरचे डबे खाली काढू लागला.

"काय शोधता?" कोकिळानं विचारलं.

"माझा दुसरा चाकू. तांबड्या मुठीचा. उद्या मी सरळ वावरात जातो, रांगेत उभा राहत नही. एकदा कापताना पाहतील, मंग बोलतील कोण बोलतं ते."

"तो चाकू घरात नही."

"मंग?"

"काल्याच्या दिवशी परातीत टाकला. परात रिकामी व्हती. पहिला मीच टाकला."

सुपडू वळला. "कोणाले विचारून?"

"कोणाले विचारू? तुम्ही तठी व्हते."

"गावासमोर माझं लोखंड वाहून आली तू? त्या नवलच्या पेटीत?"

तो एक पाऊल पुढं आला. त्याचा उजवा हात कमरेच्या डाव्या बाजूला गेला, लुंगीची गाठ चाचपली, आणि तिथंच थांबला.

कोकिळा मागं सरली नव्हती. ती त्याच्या तोंडाकडं पाहत नव्हती, हाताकडं पाहत होती.

"पाहा," ती हळूच म्हणाली. "हात तठीच गेला."

सुपडूनंही खाली पाहिलं. मग तो डब्यांमध्येच खाली बसला. कोकिळानं एकेक डबा उचलून फळीवर ठेवला. डाळीचा डाळीच्या जागी, तिखटाचा तिखटाच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी सातपुड्याकडून आभाळ काळं झालं. पाऊस थोडा आला, वारा फार. अर्ध्या तासात शिवारातली केळी आडवी झाली. उभ्या केळीत जन्म घालवलेली माणसं बांधावर येऊन पाहत राहिली, कारण पलीकडचा डोंगर तिथून कधी दिसत नसे, तो आता पायथ्यापासून दिसत होता. पडलेल्या केळीचे घड उघड्यावर होते. वर सावली नाही, आणि ऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पडणार. दोन दिवसांत भरलेले घड कापून गाडीत घातले नाहीत तर सगळे उन्हानं शिजणार. ज्यांची वावरं होती त्यांचं वर्ष जाणार आणि टोळीचा हंगामही.

पहाटे मारुतीपाशी सगळं गाव होतं. आबांनी आज तंबाखू मळली नाही.

"नवल, त्याले चाकू दे," ते म्हणाले. "पडलेला घड कापायले हात लागतो. आडवं खोड, खाली माती, एक वार चुकला की फण्या फुटतात. हे पोरखेळाचं काम नही."

नवल पेटीत पाहत बसला. "आबा, पेटी तुम्ही माझ्या हाती दिली ना?"

"दिली."

"मंग मले ठरवू द्या."

लोक कुजबुजू लागले. वेळ जात होता. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. तेवढ्यात सुपडू वाहणाऱ्यांच्या घोळक्यातून पुढं आला.

"आबा, मले देऊ नका."

"काहून?"

बायाही उभ्या होत्या. "माझा हात अजून कमरेले जातो. सोमवारी घरात गेला. समोर कोकिळा व्हती."

कोकिळानं पदर दातात धरला. गावासमोर हे बोलायचं दोघांचं काही ठरलेलं नव्हतं.

नवलनं पहिल्यांदा मान वर केली. "कमरेले चाकू व्हता का?"

"नव्हता."

"असता तर?"

प्रेमराज मध्येच म्हणाला, "जाऊ द्या ना भो, आता..."

"तू थांब," नवल म्हणाला. "असता तर?"

नाही म्हणणं सोपं होतं, सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. "ठाऊक नही," तो म्हणाला.

नवल उठला. पेटीच्या तळातून त्यानं तांबड्या मुठीचा चाकू काढला. इतके दिवस कोणी मागितला नव्हता तरी पात्याला तेल होतं. मग त्यानं मारुतीच्या खोलीतून एक परात आणली, वाकड्या उजव्या हातावर पेलली, कमरेच्या कडेला टेकवली, आणि चाकू तिच्यात ठेवला.

"चाल. मी मागं येतो. घड कापला की चाकू परातीत. पुढचा घड आला की परातीतून उचल. कमरेले लावायचा नही. खोडात खुपसायचा नही. हातात घेऊन चालायचं नही."

"बठ्ठा दिवस?" आबांनी विचारलं.

"बठ्ठा दिवस."

"अरे, पण तुझा हात..."

"हात माझा हाये." नवल सुपडूकडं वळला. "अन् आयक. हे माफ केलं म्हणून नही. मी माफ केलं नही. तू मागूही नको. हे केळीसाठी हाये."

"बरं," सुपडू म्हणाला.

सूर्य वर आला तेव्हा दोघं पहिल्या सरीत होते. पडलेल्या खोडांवरून चालायला वाट नव्हती. सुपडू गुडघ्यावर बसे, पानं बाजूला सारी, घडाखाली डावा हात घाली, परातीतून चाकू उचली आणि दांडा तोडी. पातं दांड्यातून जाताना आवाज येई तो ओल्या कापडाचा. मग चाकू परातीत वाजे. वाहणारा घड नेई. दोघं पुढं सरकत.

सुरुवातीला चुकत होतं. चौथ्या घडानंतर सुपडू चाकू हातात तसाच धरून दहा पावलं पुढं गेला. मागं पाहतो तो नवल आपल्या जागी उभा. नवलनं हाक मारली नाही, खूण केली नाही. सुपडू खोडं ओलांडत परत आला, चाकू परातीत ठेवला, मग दोघं मिळून तीच दहा पावलं चालले. असं दुपारपर्यंत सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी तो परत आला. शेजारच्या सरीतून लोक पाहत होते. एकदा कोणीतरी म्हणालं, "देवाची आरती चालली का रे?" नवल म्हणाला, "हो. तू घंटी वाजव." हशा झाला. त्यात सुपडूला हसावं की नाही कळलं नाही.

ऊन चढलं. पंचेचाळीसच्या वर गेलं असावं. वारा पडला होता आणि चिरडलेल्या केळीच्या खोडांचा आंबट वास जमिनीलगत साचला होता. परात तापली. नवलच्या वाकड्या हातावर तिच्या कडेचा लाल वळ उठला. मग हात थरथरू लागला, आणि त्याबरोबर परातीत चाकू आपोआप किणकिण वाजू लागला. सुपडूला तो आवाज पाठीमागं ऐकू येत होता. तो वळला.

"परात खाली ठेव. मी खालून उचलतो."

"नही."

"मंग डाव्या हातावर घे."

"डाव्यानं मी पानं सारतो. तू काप."

सुपडू कापत राहिला. पण आता तो चाकू टाकत नव्हता, ठेवत होता, दोन बोटांनी, आवाज न करता. काही सरींनंतर त्याला मागं पाहावं लागेना. हात मागं जाई तिथं परात असे. पंधरा वर्षं जसा खांदा असे तशी.

दुपारी कोकिळा पाण्याची कळशी घेऊन सरीत आली. तिनं पहिल्यांदा नवलला पाणी दिलं, मग नवऱ्याला. नवलचा हात पाहिला, आपल्या पदराची पट्टी टरकन फाडली, ओली केली आणि परातीच्या कडेखाली घडी करून घातली.

"लुगडं फाडलं का वहिनी," नवल म्हणाला.

"जुनंच व्हतं."

दोन दिवसांत दोघांनी चार वावरं काढली. सगळं वाचलं असं नाही. कोवळे घड तसेच सडले, त्यांचा वास पंधरा दिवस गावात होता. पण भरलेला माल गाड्यांत चढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवलनं पेटीत चाकू मोजले. वीसचे वीस. तांबड्या मुठीच्या चाकूचं पातं त्यानं पुसलं, तेल लावलं आणि तो वरच ठेवला.

तिसऱ्या दिवशी घाई नव्हती. जिथं केळी उभी राहिली होती तिथं नेहमीचं काम होतं. पहाटे रांग लागली. सुपडू आपण होऊन वाहणाऱ्यांत जाऊन उभा राहिला, खांद्यावर पानांची गादी घेऊन. नवलनं पाटावर एकेकाचा चाकू ठेवला, सगळे संपले, पेटीला कुलूप घातलं. मग परात घेऊन तो सुपडूपुढं आला. परातीत चाकू होता.

"आजही?" सुपडूनं विचारलं.

"हात कमरेले जायचा थांबला का?"

सुपडू विचार करून म्हणाला, "नही."

"मंग चाल."

याला आता वर्ष होऊन गेलं. तुम्ही यावलकडं जाल तेव्हा करंजखेड्याच्या शिवारात पाहा. एका सरीत दोन माणसं दिसतील. एक कापतो, दुसरा मागं परात धरून चालतो. आबांनी दोनदा सांगून पाहिलं, आता पुरे. नवल म्हणतो, पाहू. सुपडू कधी पुरे म्हणत नाही. माफ केलं का, असं नवलला मीच एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "नही. पण मागं कोणी तरी पाहिजे ना." आणि परात कडेला लावून चालू लागला.

बुवा आले वाटतं, वीणा लागतेय. चला. टाळ घ्या. एवढंच करा बाप्पा, आज कीर्तनात बुवा म्हणतील, डोळे मिटा, देव आठवा. तुम्ही देव आठवाच. पण आठवून झाला की डोळे उघडायच्या आधी थोडं थांबा, आणि उन्हात मागं चालणाऱ्या त्या नवलची आठवण करा.